ताटावरची शेरेबाजी : कारण सांगावे, की नुसतेच ‘नको’ म्हणावे?

काटेकोर :
एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी चाचणी, ६.१ टक्के आल्यानंतर, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेच्या ५.७ ते ६.४ या पट्ट्यात पोहोचल्यानंतर, मी डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेली, दिवसातून दोनदाच आणि तेही ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत स्वीकारली. ती योग्य की अयोग्य, हा येथील विषय नाही. तिच्यावरून येता-जाता जे ऐकावे लागते त्याला उत्तर काय द्यावे, हा आहे. माझे मत असे की, कारण सांगूच नये. ‘साखर वाढली आहे’ म्हणताच ‘आमचे काका रोज जिलबी खात आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत होते’ हा दाखला येतो, पाठोपाठ ‘मग गुळाचे घ्या, गूळ चालतो’ हा सल्ला येतो, आणि गुळातही बहुतांशी साखरच असते हे समजावेपर्यंत ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून उकडीचा मोदक वाढलेला असतो, वर तुपाची धारही सोडलेली असते. कारण दिले की ते खोडून काढता येते. नुसत्या नकारात खोडण्यासारखे काही नसते.

यजमानीण :
असहमत. नारळ खवून, उकड मळून, पाकळ्या पाडून मोदक करणाऱ्या बाईला ‘नको’ एवढेच ऐकवणे हा रुक्षपणा आहे. शिवाय शेरेबाजी एकाच बाजूने होते असे भासवू नका. आमच्याकडे एक पाहुणे दीक्षितांचे आणि दुसरे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे अनुयायी आहेत. पहिले ‘सारखे चरल्याने इन्सुलिन वाढते’ म्हणतात, तर दुसरे ‘थोड्या थोड्या वेळाने खा, तूप-भात सोडू नका’ असे सुनावतात, आणि दोघे मिळून माझ्या पुरणपोळीचा पंचनामा करतात. पथ्य पाळणाऱ्यांनी दुसऱ्याच्या ताटाविषयी मौन पाळले, तर त्यांच्याविषयीही थोडे कमी बोलले जाईल.

औषधपाणी :
मूळ मुद्दा मला धोकादायक वाटतो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, हात थरथरू लागले, घाम फुटला, बोलणे विसंगत होऊ लागले, तर शेजारच्या टेबलावरील माणसाने सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी व्हावी, ही अपेक्षा असते. ज्याने वर्षभर ‘नको, धन्यवाद’ एवढेच सांगितले, त्याच्या बाबतीत हे कोणाला सुचणार? उलट, ‘हे साखर खात नाहीत’ एवढेच सर्वांना ठाऊक असेल.

सुकटप्रेमी :
आपण सर्वजण आजार गृहीत धरून बोलत आहात. मला कोणताही आजार नाही. मी मासे आणि अंडी खातो, एवढेच. वातानुकूलित बंद खोलीत सुक्या बोंबलाचा वास रेंगाळतो हे मान्य असल्याने तो डबा मी कार्यालयात नेतच नाही. परंतु अंड्याच्या रश्श्यावरही ‘आज गुरुवार आहे, निदान आज तरी’ असे ऐकवले जाते आणि खुर्च्या हळूच सरकतात, तर लसणाच्या फोडणीची मेथी मायक्रोवेव्हमध्ये तापवली तर कोणाचे नाक वाकडे होत नाही. येथे कारण सांगणे म्हणजे स्वतःच्या घरच्या जेवणाबद्दल सफाई देणे होय. ती मी देणार नाही. काटेकोर यांच्याशी मी सहमत आहे.

काटेकोर :
औषधपाणी यांचा मुद्दा इन्सुलिन घेणाऱ्यांपुरता मान्य. परंतु जवळच्या दोन सहकाऱ्यांना स्वतःहून माहिती देऊन ठेवणे वेगळे आणि चहाच्या वेळी बिस्किटांचा पुडा पुढे करून ‘एकाने काय होते?’ विचारणाऱ्या प्रत्येकासमोर रक्ताचा अहवाल वाचणे वेगळे. यजमानीणबाईंना सांगायचे ते असे की, मोदक सुरेख झाले आहेत हे न खाताही म्हणता येते, आणि मी ते म्हणतो.

धाकटी सून :
ही सारी चर्चा ज्यांच्या नकाराला वजन आहे त्यांच्यात चालली आहे. आमच्या घरी नवऱ्याने गोड सोडले तेव्हा दुसऱ्या दिवसापासून घरभर बिनसाखरेचा चहा सुरू झाला आणि आल्या-गेल्याला त्याच्या निग्रहाचे कौतुक सांगितले गेले. मी सोडले तेव्हा ‘नव्याचे नऊ दिवस’, ‘आमच्या वेळी असले नखरे नव्हते’ आणि ‘चेहरा किती उतरलाय, माहेरचे आम्हाला काय म्हणतील?’ हे तिन्ही एकाच जेवणात ऐकले. मी कारणही सांगून पाहिले आणि नुसते ‘नको’ही, दोन्हींना उद्धटपणाच ठरवले गेले. फरक पडला तो नवऱ्याने ‘आई, तिला वाढू नकोस’ असे सर्वांसमोर म्हटल्यावर. तेव्हा काय बोलावे याबरोबरच कोणी बोलावे, हेही येथील पुरुषमंडळींनी सांगावे.