मिनी-सास एचडी पोर्टवरच्या चारही डिस्क दिसत नाहीत

मुळाकाठ:
सिंहगड रोडच्या ऑफिसात जुना सर्व्हर बोर्ड लावलाय. इंटेल सी२३६ चिपसेट, मागे दोन लॅन, एक आयपीएमआय (सर्व्हर दुरून सांभाळायचा पोर्ट), व्हीजीए, यूएसबी. बोर्डवर चार साटा (साध्या डिस्कचे पोर्ट) आणि एक मिनी-सास एचडी (एकाच पोर्टातून चार डिस्क जोडायचा). साटावरच्या डिस्क दिसतात, पण मिनी-सासला एकाला-चार केबल लावून जोडलेल्या चारही गायब. बायोसमध्ये पोर्ट चालू आहेत. पोर्ट गेला असेल का? आणि आयपीएमआय पोर्टला वायरच नाही, तरी बीएमसीचं (दुरून देखरेख करणाऱ्या बोर्डवरच्या चिपचं) पान उघडतंय. हे कसं काय?

नऊपिनी:
चारही एकदम गायब म्हणजे पोर्टआधी केबलवर संशय घ्या. रिव्हर्स ब्रेकआउट (एकाला-चार केबलचा उलट्या दिशेचा प्रकार) हाती लागली असणार. तुम्हाला हवी फॉरवर्ड, म्हणजे मिनी-सासचं टोक बोर्डात आणि चार साटा टोकं डिस्कला. रिव्हर्स ही बोर्डच्या चार साटा पोर्टांतून बॅकप्लेनच्या (डिस्क खोचायच्या बोर्डाच्या) मिनी-सासकडे जाण्यासाठी असते. दोन्ही दिसायला सारख्या आणि दोन्ही नीट बसतात, पण आतल्या पाठवायच्या आणि घ्यायच्या तारांची जुळणी वेगळी, त्यामुळे लिंकच लागत नाही. जळत मात्र काही नाही. तापकीर गल्लीत (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात) नुसतं 'एसएफएफ-८६४३ (मिनी-सास एचडीचं टोक) ते चार साटा' म्हणालात तर जी समोर असेल ती पुढ्यात येईल. 'फॉरवर्ड' असं सांगूनच मागा. लांबी अर्धा मीटर भरपूर झाली, साटाला १ मीटरच्या वर जायचंच नसतं.

शनिवारवाडा_रॅक:
डिस्क साटाच आहेत ना, तेही बघून घ्या. पोर्टच्या नावात 'सास' असलं तरी मागे सी२३६ चा साटा कंट्रोलर आहे, सास डिस्क (सर्व्हरची वेगळ्या जातीची डिस्क) त्यावर चालणार नाही. ओळखायला सोपं: साटा डिस्कच्या कनेक्टरमध्ये डेटा आणि पॉवर यांच्या मधे खाच असते, सासमध्ये ती जागा प्लास्टिकने भरलेली असते. साधी साटा केबल तिथे बसतच नाही. सास डिस्क असतील तर एचबीए कार्ड (सास डिस्क जोडायचं वेगळं कार्ड) घ्यावं लागेल.

मुळाकाठ:
डिस्कला खाच आहे. पाकिटावर बारीक अक्षरात 'रिव्हर्स' छापलंय! बदलून आणतो. बीएमसीचं काय?

नऊपिनी:
त्याचा लॅन मोड 'फेलओव्हर' असणार. बोर्डला वीज मिळताच बीएमसी स्वतःच्या पोर्टवर लिंक शोधतो, नाही मिळाली की लॅन १ वर जाऊन बसतो. म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्यांना तुमचं लॉगिन पान दिसतंय, हे काही बरं नाही. वायर आयपीएमआय पोर्टला लावा, मग मोड 'डेडिकेटेड' करा. आधी मोड बदललात तर पान हातचं जाईल. बीएमसी रीस्टार्ट करायची वेळ आली तर नुसतं शटडाउन पुरत नाही, तो स्टँडबाय विजेवर जागाच असतो. पॉवर केबल काढून अर्धा मिनिट थांबा. पासवर्ड मूळचाच असेल तर तोही आजच बदला.

शनिवारवाडा_रॅक:
पुढे ग्राफिक्स कार्ड टाकलंत तर बायोसमध्ये व्हिडिओची प्राथमिकता 'ऑनबोर्ड'च ठेवा. रिमोट स्क्रीनवर फक्त बोर्डवरच्या व्हीजीएचं चित्र येतं. 'ऑफबोर्ड' केलंत की बायोसची स्क्रीन कार्डाकडे जाते आणि रिमोटवर नुसता काळोख.