चाळिशीनंतर आगीच्या कामात: बडोद्यातले अनुभव

अग्निशमन सप्ताह सुरू आहे, म्हणून हा धागा. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी आणि त्यांच्याच जवळ दारूगोळा होता. विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटात गेले. दर वर्षी त्यांच्यासाठी आम्ही ड्युटीवर दोन मिनिटं उभे राहतो. यंदा उभा असताना मनात आलं, आपल्या बडोद्यात चाळीस-पंचेचाळिशीत या कामाकडे वळलेली मराठी माणसं बरीच आहेत. त्यांनी खरं ते लिहावं. नावं नकोत, अनुभव हवेत.

सुरुवात मी करतो. एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत एका औषध कंपनीत हिशेब बघत होतो. रावपुऱ्यात आमच्या वाड्यामागच्या घराला एका संध्याकाळी आग लागली. शेजारचे ‘लायबंबो आव्यो’ म्हणून ओरडत होते, पण बंब गल्लीच्या तोंडाशीच अडला. तिथून होजच्या, म्हणजे पाण्याच्या जाड नळीच्या, पंधरा-पंधरा मीटरच्या पाच लेंथ जोडत दोन मुलं आत आली. जोड बसला की खट् आवाज होतो. त्यातला एक जण प्रत्येक जोडानंतर होज एकदा मागे ओढून बघत होता, निसटत नाही ना म्हणून. समोर माळा जळतोय, बायामाणसं रडतायत आणि हा ओढून बघतोय. मी भरलेली बादली धरून भिंतीला टेकून उभा. त्या घरातली माणसं वाचली, माळा गेला. त्या मुलाचं ते ओढून बघणं मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

पहिला प्रश्न सगळे वयाचाच विचारतात, म्हणून आधीच सांगतो. महापालिकेच्या फायरमन भरतीला वयाची अट असते आणि चाळिशीत ते दार बहुतेकांना बंद झालेलं असतं. माजी सैनिकांना सवलत मिळते. बाकीच्यांचा रस्ता कारखान्यांतून जातो. कोयली, नंदेसरी, मकरपुरा, आपल्या भोवती तेल आणि रसायनंच आहेत. १९८९च्या नियमांप्रमाणे घातक रसायनांचा मोठा साठा असलेल्या कारखान्याला आपत्कालीन आराखडा ठेवावाच लागतो, आणि मोठ्या कारखान्यांचे स्वतःचे बंब आणि माणसं असतात. मी संध्याकाळचा फायरचा कोर्स केला आणि ठेकेदारामार्फत एका ठिकाणी लागलो. पगार निम्म्यावर आला.

शरीर सहा महिन्यांत वळणावर येतं. दुसऱ्याच्या शब्दावर चालणं शिकायला मला त्याहून जास्त वेळ लागला. पहिल्याच महिन्यात ड्रिलला मी हायड्रंटवर, म्हणजे होजला पाणी सोडणाऱ्या नळावर होतो. पुढून हात वर होईपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, एवढंच काम. मला वाटलं ते तयार आहेत, मी फिरवला. सात किलोचं प्रेशर होजमधून धावलं, आणि ब्रँच, म्हणजे होजचं पुढचं तोंड, उचलायला वाकलेल्या मुलाच्या मनगटावर ती आदळली. हाड मोडलं नाही, पण मनगट आठवडाभर सुजलेलं होतं. आमचा लीडिंग फायरमन तेव्हा सत्तावीस वर्षांचा. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, ‘काका, तुम्हाला वाटलं ते चालत नाही. मी हात वर करीन तेव्हाच.’ तोवर मी त्याला ‘अरे’ म्हणायचो. त्या दिवसापासून ड्युटीवर ‘सर’ म्हणतो.

आता तुम्ही लिहा.

माजी सैनिक, हरणी रोड

मी अडतिसाव्या वर्षी लष्करातून निवृत्त झालो आणि माजी सैनिकांच्या जागेवर फायरमन झालो. वाटलं होतं, शिस्त आहे, दम आहे, अवघड काय जाणार? स्मोक चेंबरमध्ये, म्हणजे सरावाच्या धुराने भरलेल्या खोलीत, पहिल्यांदा गेलो तेव्हा कळलं. पाठीवर बारा-पंधरा किलोचा बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क, डोळ्यापुढे काहीही नाही, आणि कानात फक्त स्वतःचा श्वास. उजवा हात भिंतीवर ठेवायचा, तो सोडायचा नाही, गुडघ्यांवर सरकायचं. दार आलं की तळहात लावायचा नाही, हाताची मागची बाजू लावायची. दार तापलेलं असलं तर पलीकडे काय आहे ते समजून जायचं.

हिशेब सांगतो, कारण नवीन लोक इथे फसतात. सहा लिटरचा सिलिंडर तीनशे बारला भरला की त्यात अठराशे लिटर हवा. मेहनत करताना माणूस मिनिटाला चाळीस-पन्नास लिटर ओढतो. म्हणजे कागदावर चाळीस मिनिटं, प्रत्यक्षात तीस धरा, कारण परतीची हवा त्यातच आहे. घाबरलेला माणूस वीस मिनिटांत संपवतो. सुमारे पन्नास बारवर हवा संपत आल्याची शिट्टी वाजते. शिट्टी वाजल्यावर निघायचं म्हणणारा उशीर करतो. ती वाजेल तेव्हा बाहेर असायला हवं. इथे वय मला उपयोगी पडलं. पंचविशीत मी श्वास इतका हळू घेऊ शकलो नसतो.

(धागा सुरू करणारा: हे दोनदा वाचा. धूर आगीच्या आधी माणूस पाडतो, हे ज्याला पटलं तोच गुडघ्यांवर चालतो.)

शिकवणी घेणारी, मांजलपूर

२४ मे २०१९ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २२ मुलं गेली. क्लासला आलेली मुलं. माझी शिकवणी तेव्हा तिसऱ्या मजल्यावर होती. जिना एकच, आणि त्याच्या खाली मीटरची पेटी. त्या रात्री मी एकटी त्या जिन्यावर जाऊन बसले. दुसऱ्या आठवड्यात शिकवणी तळमजल्यावर आणली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी नागरी संरक्षणात स्वयंसेवक म्हणून नाव घातलं. फायरमनची नोकरी नाही ही. पण दोरीची गाठ, जखमीला उचलून नेणं, पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे सगळं शिकवतात.

आता सोसायट्यांमधून बायकांना दाखवते. कढईतलं तेल पेटलं की हात आपोआप नळाकडे जातो, तो हातच आवरायचा. पाणी जळत्या तेलाखाली जातं आणि क्षणात वाफ होतं, एका लिटरची सुमारे सतराशे लिटर. ती वाफ जळतं तेल छतापर्यंत उडवते. मी मैदानात लांब दांड्याच्या पळीने एक वाटीभर पाणी ओतून दाखवते, सगळ्यांना दहा-बारा पावलं मागे उभं करून. ज्वाळा उठते तेव्हा कोणी बोलत नाही. मग दुसरी कढई. गॅस बंद, आणि घट्ट पिळलेलं ओलं फडकं आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर घालायचं. संपलं. घाईने फडकं काढून बघायचं नाही, तेल अजून तापलेलं असतं. एक सत्तर वर्षांच्या आजी म्हणाल्या, ‘पन्नास वर्षं तळण तळतेय, हे मला कोणी सांगितलं नाही.’ त्या आता माझ्याबरोबर येतात.

माघार घेतलेला, वय ४८

मी सोडलं, तेही लिहिलं पाहिजे. शिडीच्या सरावात अर्ध्यावर पाय थरथरायला लागायचे. तीन महिने रोज चढलो, गेलं नाही. प्रशिक्षकांनी बाजूला घेऊन सांगितलं की वर तुमच्यामागे कोणीतरी असेल. मी समजलो.

आता इमारतींच्या आगप्रतिबंधक यंत्रणांची देखभाल करतो. एका दहा मजली इमारतीत पहिल्या तपासणीला गेलो तर पंप ऑटोऐवजी बंद स्थितीत, राइझरचा, म्हणजे मजल्यांना पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपाचा, व्हॉल्व्ह गंजून घट्ट, आणि सातव्या मजल्याच्या होज बॉक्समध्ये पूजेचं सामान. वॉचमनला विचारलं तर पंप आपोआप सुरू होतो, लोक आवाजाची तक्रार करतात, म्हणून बंद ठेवलाय. पाइपातलं प्रेशर कुठूनतरी गळतंय म्हणून तो सुरू होतो. गळती शोधायची सोडून पंपच मारून टाकला! दोन दिवस लागले, गळती गच्चीवर सापडली. आपापल्या इमारतीत आज संध्याकाळी खाली जाऊन पंपाचा स्विच कुठे आहे ते बघा, ही कळकळीची विनंती.

समा भागातून, थोडक्यात

या कामात आग कमी आणि बाकीचं जास्त. उत्तरायणला मांज्यात अडकलेले पक्षी. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा बोटी. एका पहिल्या मजल्यावरून आजोबांना उतरवलं, ते फायलींची पिशवी सोडायला तयार नव्हते. तरुण सहकारी घाई करत होता. मी पिशवी माझ्या गळ्यात अडकवली, तेव्हा त्यांनी बोटीत पाय टाकला.

प्रशिक्षक, वय २६

मोठ्या वयाची माणसं शिकवताना आधी मला संकोच वाटायचा. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला पळायला कसं लावायचं? आता सांगतो. हे लोक प्रश्न विचारतात, आणि सामान जागेवर ठेवतात. माझी तक्रार एकच, दुखत असलं तरी सांगत नाहीत. गुडघा धरला असेल तर सांगा. आत गेल्यावर मला ते कळून उपयोग नाही. आणि घरी रोज जिना चढा, पाठीवर ओझं घेऊन. नुसतं चालणं पुरत नाही.

घरची बाजू

यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी दुकान विकून हे काम धरलं तेव्हा मी दोन महिने नीट बोलले नाही. मुलगा बारावीला होता. मला विचारलं होतं, पण ठरवून झाल्यावर. तो राग अजून थोडा आहे, आणि तो मी त्यांना सांगितला आहे. कोणी हा विचार करत असेल तर घरात आधी बसा. विम्याचे कागद, घराचे हप्ते, रात्रपाळीत फोन कोण उचलणार, सगळं समोर मांडा.

दुकानात असताना ते रात्री झोपेत हिशेब बडबडायचे, ते थांबलं, हेही खरं. रात्रपाळीहून आले की बूट दाराबाहेर काढतात. मी शर्ट हातात घेऊन आधी वास घेते. फोमचा, घामाचा वास असला तर नुसतं ड्रिल झालं. धुराचा असला तर काही विचारत नाही, चहा ठेवते आणि ते बोलेपर्यंत समोर बसते.