वडिलांना पहिल्या डोसनंतर कोरोना झाला. दुसरा डोस आता घ्यायचा की थांबायचं?

नदीकाठचा_दुकानदार (2 जुलै 2021, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावातून लिहितोय. किराणा दुकान आहे. मार्चपासून दुकानात साखर-चहापावडर कमी आणि ओटीपी जास्त खपतोय. लसीसाठी एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंदणी होते, त्यामुळे माझा, बायकोचा, भावाचा असे घरातले सगळे नंबर गावातल्या म्हाताऱ्यांनी वापरून संपवले. रात्री मेसेज वाजला की कुणाच्या आजीचा आहे ते शोधत बसायचं.

आता मुद्द्याचं. वडील 67, आई 62. दोघांना 9 मार्चला कोव्हिशिल्डचा पहिला डोस झाला. तेव्हा सांगितलं, 28 दिवसांनी या. महिना संपायच्या आत निरोप आला, आता सहा ते आठ आठवडे. त्या हिशोबाने एप्रिलच्या शेवटी गेलो तर केंद्राच्या दाराला कागद चिकटवलेला, 'लस उपलब्ध नाही'. परत मे महिन्यात नियम बदलला, बारा ते सोळा आठवडे. आणि त्याच आठवड्यात वडील पॉझिटिव्ह.

एचआरसीटी (छातीच्या स्कॅनचा) स्कोर 9 आला, ऑक्सिजन 91-92 वर. बेडसाठी इस्लामपूर, सांगली, मिरज अशी फोनाफोनी झाली. एका खासगी दवाखान्यात आधी डिपॉझिट भरा, मग पेशंट गाडीतून उतरवा असं सुनावलं. शेवटी सरकारी ठिकाणी जागा मिळाली आणि 24 मे ला वडील चालत घरी आले. आईचा रिपोर्ट दोन्ही वेळा निगेटिव्ह.

येत्या मंगळवारी आमच्या उपकेंद्रावर कोव्हिशिल्ड येणार आहे. मोबाइलवर दोघांचाही दुसरा डोस 'ड्यू' दिसतोय, सोळा आठवडेही उलटून गेले. वडील म्हणतात, 'घेऊन टाकतो, कटकट मिटेल.' डॉक्टर म्हणाले होते थोडं थांबा, पण किती ते सांगितलं नाही आणि आता ते फोन उचलत नाहीत.

आईचं दुसरंच. तिने साफ सांगितलंय, 'तुझ्या बापाला लसीनंच आलं, मला नको.' आणि ही एकटी आईच नाही, आमची अख्खी आळी असंच म्हणते. राज्यात सगळीकडे उतरतंय म्हणतात, आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूरचं काही खाली येईना. लस घेतलेली माणसं पॉझिटिव्ह निघतात, मग लोकांना काय सांगायचं?

कुणाला नक्की माहिती असेल तर सांगा. व्हॉट्सॲपवरचं नको, ते माझ्याकडे बक्कळ आहे.

कऱ्हाडचा_पैलवान (2 जुलै, रात्री 10:15)

भावा, मंगळवारी दोघांना घेऊन जा आणि मोकळा हो. लस मिळतीय तोवर घ्यायची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सातारा जिल्ह्यात लसच संपलेली, केंद्रं बंद होती. ते बघितल्यापासून मी कुणाला 'थांब' म्हणत नाही.

आमच्याकडे पहाटे पाचला रांग लागायची. रांग कसली, चपला, दगड, पिशव्या आणि एक फुटका हेल्मेट. माणसं लांब चहाच्या टपरीवर घोळका करून, मास्क हनुवटीला. साडेनऊला सिस्टर आल्या की सगळे आपापल्या दगडापाशी धावायचे आणि मग हा दगड कुणाचा यावरून भांडणं. तुझ्या वडिलांना लसीनं नाही आला, असल्या रांगेत आला असणार.

एएनएम_मिरज_पूर्व (3 जुलै, सकाळी 6:50)

मी उपकेंद्रावर सिस्टर (एएनएम) आहे, ड्युटीला निघायच्या आधी लिहिते. पैलवान दादा, घाई करायला सांगू नका.

वडिलांना मंगळवारी नेऊ नका. पहिला डोस झाल्यावर मधेच कोरोना झाला असेल तर बरं झाल्यापासून तीन महिन्यांनी दुसरा डोस द्यायचा, अशी केंद्र सरकारची सूचना 19 मे ला आली आहे. 24 मे ला घरी आलेत म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. मोबाइलवर 'ड्यू' दिसतंय कारण ते नोंदणीचं ॲप फक्त पहिल्या डोसची तारीख मोजतं, वडील ॲडमिट होते हे त्याला ठाऊक नाही. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि येताना घेऊन या. सोळा आठवडे उलटले म्हणून पहिला डोस वाया जात नाही, परत पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. हे तुमच्या आईलाही लागू. आईला मात्र आता अजिबात थांबवू नका, मंगळवारीच न्या.

एक महत्त्वाचं. दुसऱ्या डोसला तोच मोबाइल नंबर आणि तेच आधार कार्ड पाहिजे. मुलगा पुण्याहून आला, त्याच्या नंबरवर आईची नवीन नोंदणी केली, की ती परत 'पहिला डोस' म्हणून चढते. मग सर्टिफिकेट अर्धवट राहतं आणि भांडायला आमच्याकडे येतात. तुमच्या दुकानातून एवढी नोंदणी झाली आहे, तर कुणाची कुठल्या नंबरवर आहे ते वहीत लिहून काढा. मंगळवारी तुमच्या सिस्टर आशीर्वाद देतील.

'लसीनं आला' याबद्दल. कोव्हिशिल्डमध्ये कोरोनाचा जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लसीतून कोरोना होऊच शकत नाही. ताप, अंगदुखी, हात दुखणं येतं, ते एक-दोन दिवसांत जातं. तुमच्या वडिलांना दोन महिन्यांनी झाला, दोन दिवसांनी नाही. आईला एवढंच विचारा की आळीत लस न घेतलेल्या किती जणांना झाला.

आता गर्दीचं. व्हायल (लसीची बाटली) एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, एकीत दहा डोस. सकाळी नऊला तीन माणसं आली तर मी फोडू कशी? मग मी म्हणते थांबा, दहा होऊ द्या. बाहेरचे म्हणतात सिस्टर मुद्दाम बसवून ठेवते, ओळखीच्यांची वाट बघते. संध्याकाळी शेवटची व्हायल उघडली आणि सातच माणसं असली की मी आणि आशाताई रस्त्यावर उभ्या राहून ओरडतो, 'कुणाचा डोस राहिलाय का?' मागे एकदा भाजी घ्यायला थांबलेल्या बाईला टेम्पोजवळून हात धरून आणलं. बसली, घेतला, अर्धा तास थांबली आणि मेथी स्वस्त लावून मिळाली नाही म्हणून माझ्यावरच रुसली.

आमच्या उपकेंद्रावर गर्दी मोडली ती टोकनने, पण टोकन सकाळी दारात वाटायचं नाही. आदल्या संध्याकाळी आशाताई घरोघरी जाऊन चिठ्ठी देतात. चिठ्ठीवर वेळ असते आणि एका वेळेला दहाच जण बोलवायचे, म्हणजे व्हायलचं गणितही जुळतं. वस्तीनिहाय द्यायचं, नाहीतर उपकेंद्राशेजारची गल्ली सगळं घेऊन जाते आणि मळ्यातले रिकाम्या हाताने परततात. जूनमध्ये आशांचा संप होता तेव्हा हे बंद पडलं आणि पहिल्याच दिवशी गेटचा कडी-कोयंडा तुटला. त्यांच्या मानधनावर चर्चा करणाऱ्यांनी तो गेट बघायला यायला हवं होतं.

आणि कालच गरोदर बायकांनाही लस द्यायला परवानगी आली. आळीत कुणी असेल तर सांगा.

जत_माणदेश (3 जुलै, दुपारी 1:20)

ताईंचं टोकनचं बरोबर आहे, पण तुमच्याकडे माणसं रांगेत येतात तरी. आमच्याकडे मे महिन्यात 18 ते 44 चं सुरू झालं तेव्हा केंद्रासमोर चारचाक्या लागल्या. सांगली, मिरज, एक तर थेट पुण्याहून आलेला. स्लॉट मोबाइलवर, ज्याची बोटं चपळ त्याचा. आमच्या वस्तीवर रेंजसाठी टेकडावर चढावं लागतं, तोवर सगळे स्लॉट लाल, म्हणजे संपलेले. गावातली पोरं झाडाखाली बसून गाड्या मोजत होती. पुढं राज्यानं तो वयोगट थांबवला आणि लस 45 च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडं वळवली, ते बरं केलं.

आता 21 जूनपासून सगळ्यांना मोफत आणि थेट केंद्रावर नोंदणी. तर आता आमचे म्हणतात, 'शहरातल्यांचं झालं, उरलेली आमच्या गळ्यात मारायला आलेत.' माझ्या चुलत्याला समजवायला गेलो तर म्हणाला, मेंढरांना लाळ-खुरकुताची लस टोचताना तू कागद वाचतोस का? म्हटलं नाही. म्हणाला, मग मला का वाचून दाखवतोस. पण गपगुमान चालायला लागला केंद्राकडं. माणूस कुठल्या वाटेनं तयार होईल सांगता येत नाही.

एमबीबीएस_तिसरं_वर्ष (3 जुलै, संध्याकाळी 7:05)

दुकानदार दादा, 'लस घेऊनही होतो' याचं आकड्यातलं उत्तर. पब्लिक हेल्थ इंग्लंडने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) मे महिन्यात दिलेल्या माहितीनुसार कोरोनाच्या डेल्टा प्रकारावर ॲस्ट्राझेनेकाच्या (आपली कोव्हिशिल्ड तीच) एका डोसने लक्षणं असलेला आजार साधारण 33 टक्के टळतो, दोन डोसने 60 टक्के. म्हणजे एका डोसवर आजार होणं अजिबात नवल नाही. पण दवाखान्यात ॲडमिट व्हावं लागणं एका डोसने 71 टक्के आणि दोन्ही डोसने 92 टक्के टळतं, असं त्यांनीच जूनमध्ये सांगितलं. तुमच्या वडिलांना ॲडमिट व्हावं लागलं, म्हणजे ते त्या उरलेल्यांत गेले. डोस नसता तर काय झालं असतं हे एका माणसावरून सांगता येत नाही, पण गावच्या गावावरून दिसतं. आईसाठी दुसरा डोस याच कारणाने महत्त्वाचा.

कऱ्हाडचा_पैलवान (3 जुलै, रात्री 8:30)

ताई म्हणतात ते बरोबर, तीन महिन्यांचं मला माहीत नव्हतं. आमच्या मामांनाही सांगतो, ते उद्याच निघाले होते.

नदीकाठचा_दुकानदार (6 जुलै, रात्री 9:10)

सगळ्यांचे आभार. आज झालं ते सांगतो.

रविवारी वही काढली. चौदा नंबर असे निघाले की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते मलाही आठवेना. एकावर तर वारलेल्या माणसाची नोंदणी होती, तो बिचारा एप्रिलमध्येच गेला, लसीची वाट बघत. ती ओळ खोडवली नाही माझ्याच्यानं, तशीच ठेवली.

काल संध्याकाळी आशाताई आणि दक्षता समितीची दोन पोरं घरोघर चिठ्ठ्या देऊन आली. निर्बंधांमुळे दुकान चारला बंद करावं लागतं, त्यामुळे मीही मोकळा होतो, मळ्याकडच्या चिठ्ठ्या मी दिल्या. आज सकाळी तरी पंधरा-वीस जण चिठ्ठीशिवाय उभे होतेच. सरपंचांचा पुतण्या पहिला. सिस्टरनी त्याला सांगितलं, 'तुझी चिठ्ठी साडेतीनची आहे,' आणि साडेतीनलाच घेतला. गावात आज दिवसभर हीच चर्चा, कोरोना राहिला बाजूला.

आई गेली. मिरजच्या ताईंचा प्रश्न विचारला तिला, आळीत लस न घेतलेल्या किती जणांना झाला. तिने बोटावर मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातावर आल्यावर म्हणाली, 'बास, चल.' शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना तीच घेऊन गेली. आता हात दुखतोय म्हणून वडिलांना भाकरी थापायला लावलीय. वडिलांचं ऑगस्टच्या शेवटाला.

अजून एक विचारायचं आहे. जिल्ह्यात घरी विलगीकरण बंद केलंय, त्यामुळे पॉझिटिव्ह निघालेली माणसं झेडपीच्या शाळेत आहेत. सध्या पावसाने ओढ दिलीय, पण 2019 ला ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आमची सगळी खालची आळी त्याच शाळेत होती. उद्या नदी वाढली तर एका खोलीत पेशंट आणि शेजारी पूरग्रस्त, असं होईल. ग्रामसेवक म्हणतात वरून आदेश आला की बघू. तुमच्याकडे कुणी आधीच काही ठरवलंय का?

एएनएम_मिरज_पूर्व (6 जुलै, रात्री 10:30)

आईंना सांगा, हात हलता ठेवा, फार दुखला तर पॅरासिटामॉल चालेल.

पुराचं. आदेशाची वाट बघू नका. विलगीकरणासाठी आत्ताच दुसरी जागा ठरवा: गावाच्या वरच्या अंगाला सोसायटीचं गोडाऊन, मंगल कार्यालय, काहीही, फक्त संडास वेगळा पाहिजे. लग्नं मोजक्याच माणसांत चालली आहेत, कार्यालयं रिकामीच आहेत, मालक नाही म्हणणार नाही. शाळा पुराच्या लोकांसाठी मोकळी ठेवा. ग्रामपंचायतीचा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एक प्रत द्या, म्हणजे आमची टीम कुठे पाठवायची हे त्यांना कळतं.

खालच्या आळीतल्या ज्यांचा दुसरा डोस ड्यू आहे त्यांची यादी तुमच्या वहीतून वेगळी काढून तुमच्या सिस्टरना द्या आणि पुढचं सत्र त्यांचंच घ्यायला सांगा. पाणी आलं की लोक पाहुण्यांकडे पांगतात, मग दोन-दोन महिने सापडत नाहीत. आणि आधार कार्ड, डिस्चार्ज कार्ड, लसीची चिठ्ठी एका प्लॅस्टिक पिशवीत बांधून ठेवायला सांगा सगळ्यांना. 2019 ला आमच्याकडे लोक ओली रेशनकार्डं वाळत घालत होते.

नदीकाठचा_दुकानदार (6 जुलै, रात्री 10:42)

कार्यालयाच्या मालकाला उद्या सकाळी गाठतो. उधारी आहे त्याची माझ्याकडे, नाही म्हणायचा नाही.