भोपाळचा कचरा जळाला, पण बिल कुणी भरलं?

खडूस_खातेवही

काल इथे एकाने लिहिलं : 'भोपाळचा विषारी कचरा इंदूरजवळच्या पिथमपूरला जाळून झाला, सरकारने १२६ कोटी मोजून चाळीस वर्षांचं ओझं उतरवलं, आता युनियन कार्बाइडच्या नावाने रडगाणं पुरे.' तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

कसलं ओझं उतरलं? जळाले ते ३३७ टन. २००५ साली गोळा करून कारखान्याच्या गोदामात ठेवलेले. गोदामाबाहेरच्या मातीचं काय? नीरी आणि एनजीआरआय या सरकारी संशोधन संस्थांच्या २०१० च्या अहवालात दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन आहे. शिवाय भट्टीत चुना वगैरे घालावा लागतो, त्यामुळे ३३७ टन जाळून राख उरली ८०० टनांच्या वर. ती आता पिथमपूरकरांच्या माथी.

आणि १२६ कोटी केंद्राच्या तिजोरीतले, म्हणजे तुमचे-माझे. कार्बाइडने १९८९ ला ४७ कोटी डॉलर देऊन हात झटकले, १९९४ ला इथला हिस्सा विकला. २००१ मध्ये डाऊ या अमेरिकी रसायन कंपनीने अख्खी कार्बाइड घेतली आणि म्हणते काय, तो कारखाना आम्ही कधी चालवलाच नाही. नफा घेताना कंपनी एक, घाण काढताना भलतीच!

सरळ_रेघ

भाषण छान. आता सोयीस्कर गाळलेलं सांगतो. १९९८ ला ती जमीन राज्य सरकारने परत ताब्यात घेतली. ज्याच्या ताब्यात जमीन, त्याने ती साफ करायची. २०१२ मध्ये जर्मनीची सरकारी संस्था जीआयझेड हाच कचरा विमानाने हॅम्बुर्गला नेऊन साधारण २५ कोटींत जाळायला तयार होती. बोलणी फिसकटली. म्हणजे वरचे शंभर कोटी आपल्याच दिरंगाईचे, ते कार्बाइडच्या खात्यावर कशाला टाकता? आणि १९८९ ची तडजोड सरकारनेच केली होती ना? २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वाढीव भरपाईची क्युरेटिव्ह (निकालानंतरची शेवटची) याचिका फेटाळताना पीडितांसाठी विमा न उतरवल्याबद्दल केंद्रालाच झापलं. तेही वाचा.

खडूस_खातेवही

वाचलंय. पण १९८९ ची तडजोड गॅसपीडितांच्या भरपाईची होती. वीस वर्षांनी भूजलात काय सापडेल, याचा हिशेब त्यात कुणी केला होता?

भूखंड_बत्तीस

'ज्याच्या ताब्यात जमीन त्याने साफ करायची' हे इतक्या आरामात लिहिणाऱ्याला माझ्या प्लॉटवर चहाला बोलावतो.

आम्ही दोघा भावांनी एमआयडीसीतला डाय इंटरमीडिएटचा (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांचा) बंद पडलेला युनिट बँकेच्या लिलावात घेतला. पॅकेजिंगचं शेड टाकायचं होतं. पायासाठी जेसीबी लावला तर चार फुटांवर निळी प्लास्टिकची पिंपं. एकाचं तोंड फुटलं आणि ऑपरेटर मशीन चालू टाकूनच पळाला. खालची माती वांग्याच्या रंगाची, वास दोन दिवस नाकातून जाईना. नोटीस कुणाला? आम्हाला. जुना मालक कागदोपत्री दिवाळखोर, आणि पुढच्या फेजमध्ये मेव्हण्याच्या नावाने तोच माल काढतोय! आम्ही मात्र सॅम्पलिंगचे वेगळे, वाहतुकीचे वेगळे, टीएसडीएफचे (घातक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्राचे) टनावर वेगळे, असे पैसे भरत कचरा वाहतुकीच्या फॉर्म १० च्या सात रंगीत प्रती घेऊन फिरतोय. भोपाळचं सरकारने भरलं. माझं कोण भरणार?

अर्धा_वकील

लिलाव 'जसं आहे, जिथे आहे' तत्त्वावर असतो. प्लॉट बाजारभावापेक्षा स्वस्त मिळाला तेव्हा का स्वस्त, हे विचारलं होतं का?

भूखंड_बत्तीस

जमीन घेताना चार फूट उकरून बघायचं असतं हे तुमच्या पुस्तकात असेल. बँकेने सात-बारापासून वीजबिलापर्यंत सगळं दिलं, मातीचा रिपोर्ट सोडून.

लहान_युनिट

बरोबर आहे भाऊंचं. आणि सीईटीपीचं, म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, कोणी बोलत नाही! आम्ही दरमहा वर्गणी भरायची आणि नाल्याला फेस आला की नोटीस पुन्हा आम्हालाच. मोठ्यांच्या टँकरला रात्री कोण अडवतं?

सरळ_रेघ

झालं, सीईटीपी आलं. प्रत्येक धाग्यात येतं.

सातासमुद्रापार

अमेरिकेतला लव्ह कनाल आठवा. हूकर केमिकलने रसायनं पुरलेली जागा १९५३ मध्ये शाळा मंडळाला १ डॉलरला विकली. खरेदीखतात सरळ लिहिलं की खाली रासायनिक कचरा आहे, पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. १९७८ ला तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली आणि त्यातून दूषित जागांच्या सफाईचा १९८० चा सुपरफंड कायदा आला. त्यात आजचा मालक, तेव्हाचा मालक, कचरा पाठवणारा, वाहून आणणारा, सगळेच अडकतात. एकाकडूनही पूर्ण रक्कम वसूल होऊ शकते, मग त्याने इतरांच्या मागे लागायचं. वकिलांची दिवाळी! पण खरेदीआधी रीतसर तपासणी केलेल्याला २००२ च्या दुरुस्तीने बराच बचाव मिळाला.

खडूस_खातेवही

मुख्य गोष्ट राहिली. हूकर पुढे ऑक्सिडेंटलने विकत घेतली आणि १९९५ मध्ये ऑक्सिडेंटलने १२.९ कोटी डॉलर मान्य केले. मग डाऊला कसली सूट?

सातासमुद्रापार

फार हुरळू नका. त्याच १९९५ मध्ये तेल आणि रसायन कंपन्यांवरचा सुपरफंडचा कर संपला. २०२१ आणि २०२२ च्या कायद्यांनी परत येईपर्यंत बेवारस जागांचा भार बराचसा करदात्यांवरच होता.

अर्धा_वकील

आपल्याकडे कायदा कमी नाही. दिल्लीतल्या ओलियम गॅसगळतीवरचा १९८६ चा निकाल, १९९६ चा बिछडीचा निकाल. प्रदूषण करणाऱ्यानेच भरायचं, हे स्पष्ट आहे.

भूखंड_बत्तीस

बिछडी! उदयपूरजवळ विहिरींचं पाणी कॉफीच्या रंगाचं झालं होतं. वसुली ठरली ३७.३८५ कोटींची. कंपनीवाले अर्जांवर अर्ज करत बसले आणि २०११ मध्ये कोर्टाला १२ टक्के चक्रवाढ व्याज लावावं लागलं. तोवर तिथल्या शेतकऱ्याने कोणतं पाणी प्यायचं? निकालपत्र उकळून?

सरळ_रेघ

जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियम आलेत. जबाबदार माणूस शोधून त्याच्याकडून खर्च घ्यायचा, नाहीच सापडला किंवा ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य. तुमच्या दोघांच्याही प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

खडूस_खातेवही

त्यात सफाई कधी पूर्ण करायची याची मुदत आहे का? नाही. मुदत नसलेल्या कामाचं काय होतं, ते तुम्हीच वर २५ कोटींचे १२६ करून दाखवलंत. आभार.

सरळ_रेघ

मुदत हवी होती, एवढं देतो. कार्बाइड-पुराण देत नाही.

भूखंड_बत्तीस

आणि 'जबाबदार माणूस' म्हणून पहिला सापडणार मीच. पत्ता बोर्डावर रंगवलाय.

अर्धा_वकील

लिलावाच्या जाहिरातीला मातीचा अहवाल जोडणं बँकांना सक्तीचं करावं, हे मान्य. तुमच्या आरडाओरड्यामुळे नव्हे, हूकरने १९५३ मध्ये निदान लिहून तरी दिलं होतं म्हणून. लिलावाची नोटीस आणि मेव्हण्याच्या कंपनीचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथे नको.

भूखंड_बत्तीस

फी आधी सांगा.

अर्धा_वकील

जसं आहे, जिथे आहे.