मदत हवी आहे: गुडघेदुखी असताना योगवर्गाची सुरुवात कशी करावी?

नमस्कार. पंचेचाळिशीत प्रथमच योगासने शिकण्याचे मी ठरवले असून कोथरूडमध्ये घराजवळच्या एका वर्गात नाव घालण्याचा विचार आहे. वर्ग पाहायला गेले असता, त्रिकोणासनात ज्यांचा हात जमिनीपर्यंत पोहोचत नव्हता त्यांच्या हाताखाली शिक्षिका लाकडी वीट ठेवत होत्या आणि गुडघा ताठ आहे ना, हे प्रत्येकाजवळ जाऊन पाहत होत्या. त्यामुळे मला फार धीर आला. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये पुण्यात योगसंस्था उभारली, तेव्हापासून पट्टे, दोर, लोड यांच्या आधाराने शिकवण्याची ही पद्धत येथे चांगलीच रुजली आहे आणि नवशिक्यांना तीच मानवेल असे मला वाटते.

अडचण उजव्या गुडघ्याची आहे. जिना उतरताना तो दुखतो आणि मांडी घालून फार वेळ बसवत नाही. डॉक्टरांची व्यायामाला हरकत नाही; तरीही वज्रासन आणि वीरासन ही गुडघे पूर्ण दुमडून बसण्याची आसने सुरुवातीला पूर्णपणे टाळावीत, की गुडघ्याच्या मागे घडी घातलेली चादर ठेवून सावकाश करावीत? तसेच, नोकरीमुळे मला संध्याकाळचाच वर्ग सोयीचा असल्याने दुपारच्या जेवणानंतर किती वेळ जाऊ द्यावा? गुडघेदुखी असताना ज्यांनी सुरुवात केली, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.