गॅस भरण्याआधी हे बघा
तुमच्या गाडीचा एसी नीट गार करत नाही आणि मेकॅनिक 'गॅस संपलाय, भरून टाका' म्हणतोय, पण जरा थांबा. हायवेला गार आणि सिग्नलला गरम, म्हणजे पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीवर. जाळीतली माती धुवा, पंखा नीट हवा ओढतोय का बघा. माझ्या जुन्या गाडीत तर हीटरला इंजिनाचं गरम पाणी सोडणारा कॉक पूर्ण बंदच होत नव्हता. एसी गार करायचा, हीटर तापवायचा! दोन उन्हाळे घाम गाळला तेव्हा कळलं.

तुमची गाडी 1988ची, म्हणजे मूळची आर-12 या जुन्या एसी गॅसवाली. आता त्याच्या जागी आर-134ए हा नवा गॅस भरला, तर त्यातलं जुनं मिनरल ऑइल आर-134एमध्ये मिसळत नाही, कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) कोरडा पडतो. त्यामुळे जुनं तेल काढून एस्टर ऑइल, नवा ड्रायर (ओलावा शोषणारा भाग), आणि किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा-ओलावा ओढून काढणं. नवा गॅसही आर-12च्या मूळ वजनाच्या 80-85 टक्केच भरायला सांगा.