जावा १७: नल सांभाळणारा आमचा जुना युटिलिटी क्लास ठेवावा की काढावा? आणि लॉगमध्ये वाचता येईल असं टूस्ट्रिंग कसं लिहावं?

रात्रपाळी (प्रश्न)

पाणीपट्टी बिलिंगचं अॅप्लिकेशन आहे. आधी जावा ६ वर होतं, आता जावा १७ वर आणलंय. त्यात 'नलयुटिल' नावाचा एक क्लास आहे, चौदा स्टॅटिक मेथड्सचा (नल म्हणजे null, 'मूल्यच नाही'). मुख्य अशा:

एनव्हीएल(मूल्य, पर्याय): मूल्य नल असेल तर पर्याय देते.
सेफस्ट्रिंग(ऑब्जेक्ट): नल असेल तर रिकामी स्ट्रिंग, नाहीतर टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचं मजकुरातलं रूप देणारी मेथड).
सेफइक्वल्स(अ, ब): दोन्ही नल असले तरी चालतं.
डंप(ऑब्जेक्ट): रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्राममध्ये क्लासची रचना वाचून) सगळी फील्डं काढून एका ओळीत छापते.

कोडमध्ये एनव्हीएल जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये आहे. तरी नलपॉइंटरएक्सेप्शन (नलला मूल्य समजून वापरल्यावर येणारी चूक) येतातच. लॉगमध्ये कुठे 'पावती@७४९२१८०५' दिसतं, कुठे डंपने काढलेली दोन पानांची ओळ.

प्रश्न तीन. (१) यातलं काय जावामध्येच आहे आणि काय आपल्याकडे ठेवावं? (२) एनव्हीएल इतक्या ठिकाणी असूनही खालची ओळ नलपॉइंटर का देते? 'नवीन' हे बूलियन आहे, 'रीडिंग्ज' हा स्ट्रिंग ते इंटिजर असा मॅप आहे:

इंटिजर मागील = नवीन ? ० : रीडिंग्ज.गेट(मीटरक्रमांक);

(३) टूस्ट्रिंग हाताने लिहावं, लायब्ररीने करावं की रेकॉर्ड (फक्त डेटा धरणारे छोटे क्लास) वापरावेत?

---

कोकणकडा

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ही चूक नजरेला दिसतच नाही.

तुमच्या टर्नरीत (? आणि : वापरलेली ती ओळ) एका बाजूला ० म्हणजे इंट आहे, साधा आकडा, जो नल होऊच शकत नाही; दुसऱ्या बाजूला इंटिजर, म्हणजे ऑब्जेक्ट, जो नल असू शकतो. भाषेच्या नियमाप्रमाणे अशा वेळी अख्ख्या टर्नरीचा प्रकार इंट ठरतो. त्यामुळे मॅपमधून आलेला इंटिजर आधी इंटमध्ये उलगडला जातो आणि मग डावीकडच्या इंटिजरमध्ये पुन्हा गुंडाळला जातो. मॅपमध्ये मीटर नसेल तर उलगडायला नलच हातात येतो आणि एक्सेप्शन फुटतं. डावीकडे इंटिजर लिहिलंय म्हणून नल सुखरूप उतरेल, असं वाटतं. पण निर्णय उजवीकडेच झालेला असतो. टर्नरीऐवजी सरळ इफ-एल्स लिहा. किंवा ० च्या जागी इंटिजर.व्हॅल्यूऑफ(०) लिहा, म्हणजे दोन्ही बाजू इंटिजर होतात आणि उलगडणं होत नाही.

आता पहिला प्रश्न. सेफइक्वल्स आज काढून टाका, जावा ७ पासून ऑब्जेक्ट्स.इक्वल्स आहे. सेफस्ट्रिंगच्या जागी ऑब्जेक्ट्स.टूस्ट्रिंग(ऑब्जेक्ट, पर्याय) वापरा, तेही जावा ७ चं. एनव्हीएलला समांतर म्हणजे जावा ९ मधलं ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननलएल्स. एक फरक आहे: पर्यायही नल निघाला तर ते एक्सेप्शन टाकतं. तुमची एनव्हीएल तिथे गुपचूप नल परत देते. पर्याय काढायला डेटाबेसला जावं लागत असेल तर रिक्वायरनॉननलएल्सगेट घ्या, त्यात सप्लायर (मूल्य काढून देणारं फंक्शन) देता येतो आणि गरज पडली तरच तो चालतो.

ऑप्शनलमध्येही (मूल्य असेल किंवा नसेल असं उघड सांगणारा जावाचा क्लास) हीच गोम आहे. ऑरएल्स(दरकाढा()) लिहिलं तर मूल्य असलं-नसलं तरी दरकाढा() चालतेच. ऑरएल्सगेटमध्ये लॅम्डा दिला तर मूल्य नसेल तेव्हाच. पन्नास हजार पावत्यांच्या लूपमध्ये हा फरक पन्नास हजार फुकटच्या क्वेरींचा आहे.

---

तांबडी_माती

कोकणकडा यांनी मेथड्स बरोबर दिल्या आहेत. पण नावं बदलून एनव्हीएल जिथल्या तिथे ठेवलंत तर मूळ दुखणं तसंच राहील. बिलिंगचा कोड आहे म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

समजा एका मीटरचं चालू रीडिंग १८४२ आहे आणि मागील रीडिंग नोंदलेलंच नाही. कोडमध्ये 'चालू − एनव्हीएल(मागील, ०)' असं आहे. वापर निघाला १८४२ युनिट. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये चूक नाही, बिल छापून ग्राहकाच्या दारात. खरा वापर कदाचित २० युनिट असेल. इथे नलपॉइंटर आला असता तर ते एक बिल अडकलं असतं आणि कुणीतरी मागील रीडिंग शोधलं असतं. शून्य हे पाण्याच्या मीटरचं खरंखुरं मूल्य आहे, नव्या मीटरचं रीडिंग शून्यच असतं. 'माहीत नाही' आणि 'शून्य' यांना एकाच आकड्यात कोंबलं की पुढच्या कोणत्याही कोडला ते वेगळे करता येत नाहीत.

म्हणून प्रत्येक एनव्हीएलसमोर थांबून एकच गोष्ट विचारा: हे मूल्य नसणं धंद्याच्या नियमात बसतं का?

बसत नसेल तर दारातच अडवा. कन्स्ट्रक्टरमध्ये ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननल(मागील, "मागील रीडिंग हवं"). चूक जिथे जन्मली तिथेच सापडते, पाच मेथड पुढे नाही. संदेश जोडून बनवायचा असेल तर सप्लायर घेणारी आवृत्ती वापरा, नाहीतर सगळं सुरळीत असतानाही दरवेळी स्ट्रिंग बनत राहते.

बसत असेल (उदाहरणार्थ दुसरा मोबाइल क्रमांक) तर मेथडचा परतावा ऑप्शनल ठेवा. फील्ड आणि पॅरामीटर ऑप्शनल करू नका. परताव्यासाठीच तो बनवला आहे, शिवाय तो सिरियलायझेबल नाही.

आणि यादी असेल तर नल कधीच परत देऊ नका, लिस्ट.ऑफ() द्या. मात्र लिस्ट.ऑफ नल स्वीकारत नाही, इतकंच काय, त्यावर कंटेन्स(नल) विचारलं तरी एक्सेप्शन येतं. जुना कोड अॅरेलिस्टच्या भरवशावर असेल तर हे लागतं.

आणखी एक जागा नक्की तपासा. जेडीबीसीचं (डेटाबेसशी बोलायची जावाची सोय) रिझल्टसेट.गेटइंट डेटाबेसमधल्या नलसाठी ० देतं. म्हणजे कोडमध्ये एकही एनव्हीएल नसताना वरचं १८४२ युनिटचं बिल तयार होऊ शकतं. गेटइंटनंतर लगेच वॉजनल() विचारा, किंवा गेटऑब्जेक्ट(कॉलम, इंटिजर.क्लास) वापरा, त्यात नल नल म्हणूनच येतो. डेटाबेस ओरॅकल असेल तर उलटा प्रकारही आहे: व्हारचार२ मध्ये रिकामी स्ट्रिंग घातली की ती नल होऊन परत येते. तुमच्या मेथडचं नावही तिथल्याच फंक्शनवरून आलेलं दिसतंय.

---

रात्रपाळी

गेटइंट शोधलं, एकतीस जागी आहे. त्यातली सहा रीडिंगची, आणि कुठेही वॉजनल नाही. आजच बदलायला घेतो.

मॅपसाठी गेटऑरडिफॉल्ट वापरलं तर एनव्हीएलची गरज उरत नाही ना? आणि तिसरा प्रश्न राहिलाय. आत्ताची डंपची ओळ अशी आहे (छोटी करून):

पावती@७४९२१८०५[क्रमांक=४५१२,नाव=नल,पत्ता=,टप्पे=[आय@६०९५४१२३,ग्राहक=ग्राहक@२१५८८८०९[…]]

---

ओटी_पडवी

गेटऑरडिफॉल्ट सावधपणे वापरा. मॅपमध्ये ती की (key, ज्या नावाने मूल्य शोधायचं ते) नसेल तरच ते पर्याय देतं. हॅशमॅपमध्ये की आहे आणि तिची किंमत नल आहे, तर नलच हातात येतो. कॉन्करंटहॅशमॅपमध्ये नल ठेवताच येत नाही, तिथे हा घोळ होत नाही. आणि स्ट्रीममधून कलेक्टर्स.टूमॅप करताना एखादं मूल्य नल असेल तर तिथेच नलपॉइंटर येतो. लोक तो की मध्ये शोधत बसतात.

तुमची ओळ फार कामाची आहे, कारण तिच्यात तीन दोष एकदम दिसतात आणि चौथा लपलेला आहे.

'नाव=नल' म्हणजे नाव नाही, की कुणी फॉर्ममध्ये नल हीच अक्षरं साठवली? या ओळीवरून ठरवता येत नाही. जुन्या कोडमध्ये स्ट्रिंग जोडताना नलची अक्षरं होऊन तीच डेटाबेसमध्ये जाऊन बसणं सर्रास घडतं, म्हणून हा फरक दिसायलाच हवा. स्ट्रिंग मूल्यांना अवतरणचिन्हं घाला आणि नल उघडा ठेवा. मग नाव="नल" आणि नाव=नल वेगळे दिसतात. 'पत्ता=' चंही तसंच: पत्ता="" ही रिकामी स्ट्रिंग, पत्ता=" " मध्ये एक स्पेस अडकलेली. हाताने लिहायची ती छोटी मेथड हीच:

स्टॅटिक स्ट्रिंग उद्धृत(स्ट्रिंग मजकूर) { रिटर्न मजकूर == नल ? "नल" : '"' + मजकूर + '"'; }

तुमच्या युटिलिटी क्लासमध्ये मी ठेवीन ती ही एक.

'[आय@…' म्हणजे इंटचा अॅरे. अॅरेला स्वतःचं टूस्ट्रिंग नाही, तो ऑब्जेक्टचंच घेतो: क्लासचं नाव, @ आणि हॅशकोडचा हेक्स आकडा. अॅरेज.टूस्ट्रिंग वापरा, अॅरेच्या आत अॅरे असेल तर डीपटूस्ट्रिंग. रेकॉर्ड केलंत तरी अॅरे फील्ड असंच छापलं जातं, त्यामुळे रेकॉर्डमध्ये अॅरेऐवजी लिस्ट घ्या.

पावतीच्या आत ग्राहक आणि ग्राहकाच्या आत पावत्यांची यादी, हे वर्तुळ आहे. दोन्हीकडे साधं टूस्ट्रिंग असेल तर स्टॅकओव्हरफ्लो ठरलेला. लॉम्बॉकचं (असा कोड आपोआप बनवणारी लायब्ररी) @टूस्ट्रिंग दोन्ही क्लासांवर लावलं तरी तेच, तिथे एका बाजूचं फील्ड एक्सक्लूड करावं लागतं. नियम सोपा ठेवा: लेकराने आईचा फक्त क्रमांक छापायचा. पावतीत ग्राहकक्रमांक=८८१, बस. हायबरनेट (डेटाबेसच्या ओळींचे ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) वापरत असाल तर याचा दुसरा फायदा: टूस्ट्रिंगने लेझी (गरज पडली तरच लोड होणाऱ्या) यादीला हात लावला की सेशन बंद असताना लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन येतं, चालू असताना क्वेरी सुटते. डीबगर व्हेरिएबल दाखवण्यासाठी टूस्ट्रिंग बोलावतो, म्हणजे नुसतं पाहिल्यानेही डेटा लोड होतो.

चौथा दोष न दिसणारा: डंपने मोबाइल क्रमांक आणि पासवर्डसुद्धा छापला असणार. रिफ्लेक्शनला गुपित कळत नाही.

---

कोकणकडा

रिफ्लेक्शन सरसकट बाद करू नये असं माझं मत. कॉमन्स लँग या लायब्ररीतल्या टूस्ट्रिंगबिल्डरला शॉर्ट प्रीफिक्स स्टाइल दिली की @ चा आकडा जातो, नल कोनी कंसात वेगळा दिसतो, वर्तुळ तो स्वतः ओळखतो आणि @टूस्ट्रिंगएक्सक्लूडने गुपित फील्ड वगळता येतं. तीसचाळीस फील्डांच्या जुन्या क्लासला हाताने टूस्ट्रिंग लिहिलं की नवं फील्ड आल्यावर हमखास राहून जातं.

---

ओटी_पडवी

नवं फील्ड राहून जातं हे खरं. पण त्याच्या उलट बाजूला नवं 'आधार क्रमांक' फील्ड आपोआप लॉगमध्ये जातं, आणि एक्सक्लूड लावायचं राहून जातं. फील्ड न दिसणं मी पत्करीन; लॉगमध्ये गेलेला क्रमांक परत घेता येत नाही. शिवाय जावा १७ वर रिकर्सिव्ह स्टाइल वापरू नका. ती बिगडेसिमलसारख्या जेडीकेच्या क्लासांच्या खासगी फील्डांत शिरायला जाते आणि इनअॅक्सेसिबलऑब्जेक्टएक्सेप्शन येतं. जावा ८ वर हे चालत होतं.

हाताने लिहायला जावा ८ चा स्ट्रिंगजॉइनर पुरतो, लायब्ररी लागत नाही:

न्यू स्ट्रिंगजॉइनर(", ", "पावती[", "]")
.अॅड("क्रमांक=" + क्रमांक)
.अॅड("नाव=" + उद्धृत(नाव))
.अॅड("मोबाइल=" + शेवटचेचार(मोबाइल))
.अॅड("रक्कम=" + (रक्कम == नल ? "नल" : रक्कम.टूप्लेनस्ट्रिंग()))
.टूस्ट्रिंग()

रकमेला टूप्लेनस्ट्रिंग मुद्दाम. बिगडेसिमल १००० वर स्ट्रिपट्रेलिंगझीरोज चालवलं की साधं टूस्ट्रिंग १ई+३ छापतं. हिशेब तपासणाऱ्याला ते कळत नाही. गोल कंसही विसरू नका. ते नसतील तर आधी "रक्कम=" + रक्कम ही स्ट्रिंग बनते, तिची नलशी तुलना होते, ती कधीच खरी ठरत नाही आणि रक्कम नल असेल तेव्हा टूस्ट्रिंगच फुटतं.

टूस्ट्रिंग कधीही फुटू नये ही माझी पहिली अट. एसएलएफफोरजेमध्ये (लॉग लिहायची लायब्ररी) महिरपी कंसांची जागा वापरून लॉग केलंत तर आतलं एक्सेप्शन पकडलं जातं आणि ओळीत 'टूस्ट्रिंग फसलं' अशी खूण येते. अधिक चिन्हाने स्ट्रिंग जोडली तर लॉगच्या ओळीमुळे बिल बनवणंच थांबतं. शिवाय डीबग पातळी बंद असताना कंसांच्या पद्धतीत टूस्ट्रिंग चालतच नाही.

---

तांबडी_माती

तुम्ही १७ वर आहात म्हणून दोन गोष्टी.

नलपॉइंटरचा संदेश आता बोलका असतो. जावा १४ मध्ये तो आला आणि १५ पासून आपोआप चालू आहे. 'ग्राहक.मीटर().क्रमांक()' मध्ये नेमकं मीटर() ने नल दिलं, असं तो सांगतो. पण लोकल व्हेरिएबलचं नाव हवं असेल तर कंपाइल करताना डीबग माहिती ठेवावी लागते, नाहीतर नावाऐवजी 'लोकल४' असं काहीतरी दिसतं. बिल्ड फाइलमध्ये ती बंद केलेली आहे का, पाहा.

नव्या डेटा क्लासांसाठी रेकॉर्ड घ्या, जावा १६ पासून ते पक्के झालेत. कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये रिक्वायरनॉननल लिहिलं की दारातली तपासणी झाली. टूस्ट्रिंग आयतं मिळतं, पण त्यात गुपित फील्डही छापलं जातं आणि स्ट्रिंगला अवतरणचिन्हं येत नाहीत, त्यामुळे पावतीसारख्या रेकॉर्डला ते स्वतः लिहाच.

---

रात्रपाळी

समजलं. सेफइक्वल्स, सेफस्ट्रिंग, डंप काढतोय. एनव्हीएलवर डेप्रिकेटेड ('आता वापरू नका' अशी खूण) लावून रीडिंग आणि रकमेपासून एकेक जागा तपासतो. एक अडचण: रात्रीची एक स्क्रिप्ट लॉगमधून 'क्रमांक=' नंतरचा आकडा उचलून अडकलेल्या पावत्यांची यादी करते. डंप काढला तर ती मोडेल.

---

ओटी_पडवी

ती स्क्रिप्ट आधी सोडवा, मग डंप काढा. टूस्ट्रिंगचं रूप कधीही बदलू शकतं. रेकॉर्डच्या टूस्ट्रिंगबद्दल तर दस्तऐवजातच लिहिलंय की नेमकी मांडणी ठरलेली नाही. पावती अडकते त्या जागी वेगळी लॉग ओळ लिहा: ठरावीक शब्द, मग थेट पावती.क्रमांक(), ऑब्जेक्ट नाही. दोन रात्री जुनी आणि नवी ओळ दोन्ही चालू ठेवा, दोन्ही याद्या जुळल्या की स्क्रिप्ट नव्या ओळीवर वळवा.